नववीच्या भूगोलाचं कव्हर

आपल्या घरातून आजवर कुणी पुस्तक पळवू शकलेलं नाही, असा देगलूरच्या सिद्धराम सरांचा दावा होता. त्यात ज्या कादंबरीनं त्यांना लेखक केलं, ती तर त्यांनी चोराच्या बापालाही सापडणार नाही अशी लपवली होती! गोदावरीवरच्या एका नावाड्याची ती गोष्ट. शाळेत असताना नांदेडच्या फुटपाथवर घेतलेली. सरांनी तिला ‘नववी भूगोल गाईड’चं कव्हर घातलं होतं. पाहुणे सगळं कपाट उचकटायचे, पण भूगोलाला कुणी हात लावायचं नाही. सर स्वतः भूगोलच शिकवत असल्यामुळे हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

आज चार वाजता वाचनालयात ‘मला घडवणारं पुस्तक’ या विषयावर त्यांचं भाषण होतं. ‘तीच प्रत घेऊन येतो’ असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तीन वाजता कपाट उघडलं, तर भूगोल गायब!

“अगं, इथलं गाईड कुठंय?”

“ते व्हय? शेजारच्या हसीनाला दिलं की,” त्यांच्या पत्नी शिवकांताबाई शेंगा फोडत म्हणाल्या. “तिची अर्शिया नववीत हाय. आठ दिस झाले.”

सर तसेच अनवाणी धावले. हसीना शिलाई मशीनवर बसली होती.

“सर, लई उपकार झाले. पोरगी भूगोल सोडून उठंना. जेवतानाबी भूगोल. काल तर वाचता वाचता रडली. परवा पेपर हाय ना.”

आईच्या पाठीमागं अर्शिया पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिनं गुपचूप हात जोडले.

सरांची मोठी पंचाईत झाली. खरं सांगावं तर पोरीला मार, न सांगावं तर गावासमोर फजिती. हीच कादंबरी गणिताच्या पुस्तकात ठेवून वाचताना त्यांना वडिलांनी पकडलं होतं. तेव्हा पिळलेला कान आत्ता पुन्हा गरम झाला.

“भूगोल असाच वाचायचा असतो,” ते म्हणाले. “उद्या माझ्याकडं पाठवा. पेपरापुरतं मी शिकवतो.”

“पण सर, तुम्ही अनवाणी?”

“मातीचा अभ्यास चालूय, हसीनाबाई.”

चार वाजता सर रिकाम्या हातानं माईकपुढं उभे राहिले. “मला घडवणारं पुस्तक आणता आलं नाही,” ते म्हणाले. “ते सध्या कुणीतरी वाचतंय.” काय टाळ्या पडल्या म्हणता! सरांनाच भरून आलं.

भाषण संपलं तेव्हा दारात अर्शिया उभी होती. डोळे सुजलेले, हातात भूगोल.

“संपलं, सर. नावाडी परत येतो का न्हाई, तेवढंच राहिलं होतं.”

सर विरघळले. “आता माझा कथासंग्रह देतो. तोही असाच लपवून वाच.”

“हाय की आमच्याकडं. तुम्हीच दिलता.” अर्शिया जरा घुटमळली. “पर त्याला लपवावं लागत न्हाई, सर. समोर ठेवला तरी कुणी उचलीत न्हाई.”

घरी येऊन सरांनी कादंबरीचं कव्हर काढलं आणि आपल्या कथासंग्रहाला चढवलं. मग तो ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा ठेवला.

“कुणी मागितलं तर खुशाल दे,” त्यांनी बायकोला बजावलं.

“अहो, पुढच्या साली भूगोल बदलणार हाय, तुम्हीच म्हणला ना?” शिवकांताबाई म्हणाल्या. “मग हे जुनं गाईड आता कोण न्हेतंय?”