निलम्माचं क्रियापद

इंग्रजी व्याकरणात अवघड असं काहीही नाही! हे मी आमच्या गावच्या पारावर, चहाचा कप हातात धरून, वीस माणसांसमोर छाती काढून सांगितलं. "नाम आणि क्रियापद, एवढंच इंग्रजी. बाकी सगळा मसाला! एक महिना द्या, आपली पोरं त्या व्हॅनमधल्या पोरांची शिकवणी घेतील!"

बोलायला काय जातं? पण बोलणं भाग होतं. आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात एक मराठी शाळा आहे, म्हणजे तेव्हा होती, आणि मी तिचा एकुलता एक मास्तर. रोज सकाळी एक पिवळी व्हॅन यायची आणि इंग्रजी शाळेसाठी पोरं भरून न्यायची. माझ्या पटावर उरली होती दहा. शिक्षण खात्याच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "शिवराज सर, दहा आहेत तोवर शाळा. नऊ झाली की कुलूप."

पटावरची ही दहावी पोर म्हणजे तिसरीतली निलम्मा. आईबाप नाहीत. आजा गुरुशांतप्पा तिला सांभाळायचा, की ती त्याला, हे सांगणं कठीण. म्हातारा ऐंशीच्या पुढचा आणि कानानं ठार. तो गेला की काका जगदेवप्पा तिला हैदराबादला नेणार, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे मी स्वतःच्या बापाची केली नसेल एवढी चौकशी गुरुशांतप्पाच्या तब्येतीची करायचो.

नामं आठवड्यात उरकली. पोरं म्हशीकडं बोट दाखवून "बफेलो" ओरडायची आणि म्हैस वळून बघायची! मग आली क्रियापदं. इथं मी माझी स्वतःची पद्धत काढली. क्रियापद पाठ करायचं नसतं, करायचं असतं! प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एक क्रियापद. ते तोंडानं म्हणायचं आणि साहेब तपासणीला येईपर्यंत रोज घरी करून बघायचं.

नागेशला 'जम्प' मिळालं. तो दुसऱ्याच दिवशी पत्रा फोडून गोठ्यात उतरला. अंजूला 'वॉश'. तिनं बापाचा मोबाइल साबण लावून धुतला. रामला 'स्लीप', आणि इतका मन लावून अभ्यास केलेला विद्यार्थी माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. निलम्मा वर्गात तोंडच उघडायची नाही. तिला 'क्राय' दिलं. म्हटलं, आवाज तरी फुटेल.

फुटला की! मंगळवारी सकाळी तिनं ओट्यावर बसून एकदा "आय क्राय" म्हटलं आणि जो टाहो फोडला, तो वेशीपर्यंत गेला.

आता आमच्या गावची एक रीत आहे. रडणं ऐकू आलं की कुणी विचारत बसत नाही. हातातलं टाकून जायचं आणि आधी रडायचं. कोण गेलं ते मागाहून कळतं. शेजारच्या पार्वतीबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावल्या. दारातून आत डोकावतात तो काय, म्हातारा माशा बसू नयेत म्हणून तोंडावरून चादर ओढून झोपलेला!

"अगं बाई गंऽऽ! गेला गं माझा अण्णाऽऽ!"

पार्वतीबाईंचा गळा म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला. पंधरा मिनिटांत ओट्यावर तीस बायका. गल्लीतल्या चुली विझल्या. करजगीला दिलेल्या त्याच्या लेकीला फोन गेला. हैदराबादला जगदेवप्पाला फोन गेला. निंगप्पा चार माणसं आणि टिकाव घेऊन मळ्यात खड्डा खणायला निघालासुद्धा! निलम्मा बिचारी एवढ्या बायका बघून घाबरली आणि आता खरोखरच रडू लागली.

मी शाळा सोडून पोहोचलो. मास्तर म्हटल्यावर दोन शब्द बोलणं आलंच. डोळे मिटून सुरुवात केली, "गुरुशांतप्पा म्हणजे या गावचा आधारवड..."

तेवढ्यात आतून गुरुशांतप्पा बाहेर आला. एवढी माणसं बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला, पुरुषांच्या रांगेत मांडी घातली आणि हुंदके द्यायला लागला! शेजारी बसलेल्या माणिकरावांनी खाली मान घालूनच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जरा वेळानं म्हातारा डोळे पुसत त्यांच्या कानाशी लागला, "चांगला माणूस हुता. कोण गेलाय म्हनायचं?"

माणिकरावांनी वर बघितलं आणि ते ओट्यावरून मागं पडले.

पुढचं विचारू नका! संध्याकाळी जगदेवप्पा गाडी करून आला, बापाला चहा पिताना बघून तापला आणि मलाच म्हणाला, "नोकरीवर रजा टाकून आलोय, गुरुजी! फिरून खात्री केल्याबिगर फोन आला तर बगा!" म्हातारा मात्र खूश. पोरगा तीन वर्षांनी दिसला होता. दुसऱ्या दिवशी तो मळ्यात जाऊन स्वतःचा खड्डा बघून आला. आमच्याकडं लिंगायतांना मांडी घालून, बसवून पुरतात. "लई अरुंद खनलाव रे, निंगप्पा. मांडी घालून बसू कसा?" खणलेला खड्डा रिकामा बुजवू नये म्हणतात, म्हणून मग लिंबाची फांदी टाकून तो बुजवला.

गाव हसलं, पण माझ्यावर उखडलंही. तिघे बाप दाखले मागायला आले. मी हातापाया पडून त्यांना थांबवलं आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "ग्रामस्थहो! निलम्माचं रडणं ऐकू आलं तर कुणीही धावू नये! तो इंग्रजीचा अभ्यास आहे!" साहेब यायचे होते आणि सगळ्या वर्गात क्रियापद करून दाखवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नऊ दिवस ती रोज सकाळी रडली. कुणी धावलं नाही. बायका भाकरी थापता थापता म्हणायच्या, "चालू झाला बगा गुरुजींचा अभ्यास."

दहाव्या दिवशी शाळेला निघालो, तर निलम्मा ओट्यावर बसून रडत होती. त्या दिवशी तिचं रडणं फारच जमलं होतं. साहेब तीन दिवसांवर आलेले. मी थांबलो.

"व्हेरी गुड! पण आधी 'आय क्राय' म्हणायचं ना, विसरलीस!"

तिनं माझ्याकडं बघितलं. नाक पुसलं.

"आय क्राय," ती म्हणाली.

"शाबास!" मी म्हणालो आणि पुढं गेलो. हजेरी घेतली. नऊ मुलं होती. पण निलम्मा घरी अभ्यासच करते आहे म्हणून मी तिच्यापुढंही हजर लिहिलं.

साडेअकराला पार्वतीबाई शाळेच्या दारात आल्या. पायात चप्पल नव्हती. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"गुरुजी, आज लई येळ रडायली म्हून बगायला गेले... अण्णा पहाटंच गेलाय वो. लेकरू सकाळधरनं एकटंच बसलंय."

मी काय बोललो ते आठवत नाही. पोरांना न सांगता पळत सुटलो एवढं आठवतं. ओट्यावर निलम्मा तिथंच होती. आता रडत नव्हती.

हैदराबादला फोन केला तर जगदेवप्पा म्हणाला, "आदी फोटो टाका." फोटो मीच टाकला. मळ्यातली माती भुसभुशीत होती, खणायला वेळ लागला नाही. निंगप्पानं खड्डा या वेळी रुंद केला.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. नऊ मुलं मोजली, पुन्हा एकदा मोजली. रामला क्रियापद विचारलं तर तो बाकावर डोकं ठेवून झोपलेला. एरवी मी हा विनोद गावभर सांगितला असता. साहेब वहीत काहीतरी लिहीत असतानाच दारात जगदेवप्पाची गाडी थांबली. त्याला दाखला हवा होता. तो गाडीतच बसून राहिला, निलम्मा उतरून आत आली.

मी दाखला लिहून दिला. तिनं फ्रॉकच्या खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली.

"ठेव की तुझ्याजवळ," मी म्हणालो.

"नको, सर," ती म्हणाली. "मला येतंय आता."