दोन इंच जास्त

इंदूताई ब्लाऊजसाठी एक असे माप घेतात, की जे जगातील कोणत्याही ब्लाऊजला लागत नाही. छाती, कंबर, खांदा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा हे सारे यथासांग उरकले, की त्या दोन पावले मागे सरतात आणि हुकूम सोडतात, "चला, हात पसरा!" गिऱ्हाईक गोंधळते आणि दोन्ही हात आडवे पसरून उभे राहते. मग एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप ताणली जाते. शिंप्याची साधी टेप साठ इंचांची असते आणि ती या कामाला पुरत नाही, म्हणून इंदूताईंनी दोन टेपा एकमेकींना शिवून टाकल्या आहेत. त्यानंतर गिऱ्हाइकाला दाराच्या चौकटीला पाठ लावायला सांगून उंची मोजली जाते. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले जातात.

पहिल्यांदा माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा मी भावाच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकत होते.

"इंदूताई, मला स्लीव्हलेस हवाय. त्याला हातांची लांबी कशाला लागते?"

"तू प्रयोगशाळेत काय करतेस, ते मी विचारलं का? हात पसर."

मी हात पसरले.

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत इंदूताई तळमजल्यावर राहतात आणि मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने. मी खराडीतील एका प्रयोगशाळेत माणसांच्या डीएनएचा क्रम वाचते. त्यात कोठे एखादे अक्षर बदलले आहे का आणि बदलले असेल तर त्याने काही बिघडते का, हे ठरवणे माझे काम. जाता-येता रहदारीत जो वेळ जातो, त्यात मी परदेशातील विद्यापीठांना पाठवायचे अर्ज मनातल्या मनात पुन्हा पुन्हा लिहिते. थोडक्यात, मी सतत कोठेतरी निघालेली असते. इंदूताई सत्तरीच्या आहेत आणि कोठेच जात नाहीत. तरीही त्यांच्याइतके अस्वस्थ माणूस मी पाहिलेले नाही. मशीन बंद असले तरी त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर हलत असतो. बोलताना त्या टेप बोटाला गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. दारावर पाटी आहे: "माप देताना पोट आत घेऊ नये. ब्लाऊज तुम्हालाच घालायचा आहे."

त्यांच्याकडे पेठेतल्या तीन-तीन पिढ्यांची मापे आहेत. चेहरा त्यांना लक्षात राहत नाही; पाठ राहते. पाठमोऱ्या बाईला पाहून त्या तिचे माहेर सांगतात. माझे माप घेताना त्या एकदम थांबल्या.

"डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. कुणाचा? आईचा की वडिलांचा?"

"लॅपटॉपच्या बॅगेचा."

"हा बॅगेच्या आधीचा आहे. फोन लाव आईला."

मी केवळ त्यांना खोटे पाडण्यासाठी फोन लावला. आई म्हणाली, "अगं, माझाच तो. आजीचाही तसाच होता. कोण विचारतंय?"

"माप खोटं बोलत नाही," इंदूताई म्हणाल्या आणि पुढच्या गळ्याकडे वळल्या. हे त्यांचे पालुपद. एका निरीक्षणावरून आनुवंशिकता सिद्ध होत नाही, असे मी समजावू लागले. त्यांनी मला श्वास सोडायला सांगितले.

पुढे एका विद्यापीठाने मला मुलाखतीला बोलावले, तेव्हा मी सराव इंदूताईंपुढे करायचे ठरवले. या इमारतीत समोरच्याला बरे वाटावे म्हणून "छान" म्हणण्याची सवय नसलेल्या त्या एकट्याच. विषय असा होता: शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तीच गुणसूत्रे, तीच जनुके, मग डोळ्याची पेशी डोळ्याचीच का होते, यकृताची का होत नाही? मी सतरा स्लाइड्स दाखवल्या. इंदूताई हुक लावत होत्या. सतरावी संपल्यावर त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी पायाने पुढे ओढली. पेटीत खाकी कागदाची असंख्य कटिंगे होती.

"ह्यात सगळं आहे. बाही, कॉलर, कळ्या, योक. आज बाही कापायची तर बाहीचाच कागद काढायचा. बाकीचे घडी घालून आत. ते आत आहेत म्हणून त्यांचा कपडा होतो का? आणि मूळ कागद कापडावर ठेवायचा नाही, झिजतो. त्याची नक्कल काढायची, नक्कल वापरायची, टाकून द्यायची. ह्याला सतरा चित्रं कशाला?"

त्यातील पंधरा स्लाइड्स मी त्याच दिवशी काढून टाकल्या.

"पण कागदातच चूक असली तर?" त्यांनी विचारले.

"तर त्यावरून होणाऱ्या प्रत्येक कपड्यात ती उतरते."

"आणि तो चुकीचा कागद आला कुठून, ते कळतं?"

खराडीची गाडी बाहेर येऊन उभी होती आणि फोन वाजत होता. मी पायात चपला सरकवत पाठ्यपुस्तकातील पहिले वाक्य सांगितले, "प्रत्येक कागदाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. म्हणजे निम्मे कागद आईचे." आणि मी जिना उतरण्याच्या वेगाने अंगण ओलांडले. गाडीत बसल्यावर जाणवले, की मशीन बंद असतानाही हलणारा त्यांचा पाय त्या क्षणी थांबला होता. मी ते निरीक्षण नोंदवले आणि विसरून गेले.

इंदूताईंच्या विक्षिप्तपणाचा कळस मात्र पुढेच आहे. ज्या मुलीच्या हातांचा पसारा उंचीपेक्षा बराच जास्त भरेल, तिच्या शिवलेल्या ब्लाऊजला त्या टाचणीने एक चिठ्ठी लावतात: "हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवणे. कारण विचारू नये." अशी चिठ्ठी क्वचितच कोणाला मिळे, पण जिला मिळे तिचे घर पुन्हा इंदूताईंकडे येत नसे.

समोरच्या गल्लीतली सई एकोणीस वर्षांची, ताडमाड उंच, बास्केटबॉल खेळणारी. तिला चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी तिची आई ब्लाऊज हातात घेऊन आली.

"अहो, पोरीचं लग्न जमवायचंय मला, आणि तुम्ही तिला हृदयरोग लावताय?"

"लग्न जमवा की. आधी हृदयाचा इको काढा."

"तुम्ही शिंपीण आहात की डॉक्टर?"

"शिंपीण. म्हणून तर चिठ्ठी लिहिली. डॉक्टर असते तर तपासलं असतं."

सईच्या आईने न शिवलेले दुसरे कापड परत मागितले. इंदूताईंनी ते इस्त्री करून दिले. "कापडाचा काय दोष?" एवढेच म्हणाल्या.

पण त्यानंतर त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. त्यांनी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. खिडकीतून सई चेंडू घेऊन जाताना दिसली, की त्या उठून उभ्या राहत आणि ती परत येईपर्यंत बसत नसत. शेवटी एका रविवारी त्या तीन मजले चढून माझ्या दारात आल्या. त्या यापूर्वी कधीही वर आलेल्या नव्हत्या.

"तू जाऊन सांग. तुझ्या त्या शास्त्राच्या भाषेत. माझं ऐकत नाहीत."

"इंदूताई, एका मापावरून निदान होत नाही," मी म्हटले. "कित्येक उंच, निरोगी मुलींचे हात लांब असतात. ही निव्वळ भीती पसरवणं आहे."

मी अर्ज लिहीत होते आणि माझा आवाजही अर्जासारखाच कोरडा होता. त्यांनी वादावादी केली नाही. पदराआडून एक जुनी वही काढली, उघडून माझ्या लॅपटॉपवरच ठेवली. पानाच्या माथ्यावर लिहिले होते: नीता. खाली तेराव्या वर्षापासूनची मापे, दर दिवाळीची. प्रत्येक ओळीत बाहीच्या आकड्यापुढे लाल पेन्सिलीने एकच शेरा होता: दोन इंच जास्त. दोन इंच जास्त. दोन इंच जास्त. बाविसाव्या वर्षानंतर पान कोरे होते.

"माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "कॉलेजला जाताना जिन्यात पडली ती उठलीच नाही. हृदयातून निघणारी मोठी नळी फाटली, असं म्हणाले. नंतर एका डॉक्टरांनी विचारलं, हिचे हात उंचीपेक्षा लांब होते का? मी म्हटलं, हो, मला माहितीय. मीच शिवायचे ना तिचे कपडे. प्रत्येक वेळी बाही दोन इंच जास्त कापायची आणि मी म्हणायचे, माकडीण कुठली! ती हसायची, मी हसायचे." टेप बोटाला गुंडाळली गेली, सुटली. "टेप माझ्याच हातात होती गं."

हा विकार मला ठाऊक होता. पंधराव्या गुणसूत्रावर एक जनुक असते. त्याच्यावरून एक प्रथिन बनते, आणि त्या प्रथिनाच्या बारीक धाग्यांनी शरीरातील पुष्कळसे काही एकत्र बांधलेले असते. त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत जरी दोष असला, तरी शिवण सैल पडते. हाडे लांब वाढतात, रक्तवाहिनी ताण सोसत नाही. अशा कित्येक नोंदी मी संगणकावर वाचल्या होत्या. त्या नोंदींना बाह्या नव्हत्या.

मी लॅपटॉप मिटला आणि सईच्या घरी गेले.

तिच्या आईने दार अर्धेच उघडले. "तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच का?"

"हो," मी म्हटले. "सईला काहीही नसण्याचीच शक्यता अधिक आहे. पण एक इको काढा. आमची चूक निघाली तर मी तुमच्या दारात येऊन माफी मागेन."

माफीच्या आशेनेच असावे, पण त्या तयार झाल्या.

आठवड्याभराने त्या इंदूताईंच्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात अहवाल, दुसऱ्या हातात तेच कापड. "घ्या. काळीज जागेवर आहे, नळ्याही जागेवर आहेत. डॉक्टर म्हणाले, मुलगी नुसतीच उंच आहे. आता तरी ब्लाऊज शिवाल?"

दिलेल्या तारखेच्या आधी आयुष्यात कधी कपडा न देणाऱ्या इंदूताई म्हणाल्या, "संध्याकाळी घेऊन जा."

आपले माप खोटे ठरल्याचा एवढा आनंद झालेली व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही. त्या मशीनवर बसून गुणगुणत होत्या. मी अंगणातून जाऊन माफी मागून आले (सईच्या आईने ती दोनदा मागून घेतली) आणि परत आले, तेव्हा गुणगुणणे थांबले होते.

"निम्मे कागद आईचे, असं म्हणालीस ना तू त्या दिवशी?"

मला सगळे एकदम आठवले: चपला, गाडी, थांबलेला पाय.

"मग तो चुकीचा कागद माझा होता का? नीताचा."

या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या दिवशीही ठाऊक होते. ते सांगायला आणखी अर्धे मिनिट लागले असते, इतकेच. "तुमचा असू शकतो," मी म्हणाले. "तिच्या वडिलांचाही असू शकतो. आणि कित्येकदा दोघांचाही नसतो. आईवडिलांचे कागद चांगले असतात. नक्कल उतरताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. त्यात कुणाचाही हात नसतो."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला घाई होती."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना पुरेसे परिचित होते. नीताचे वडील ती लहान असतानाच गेले होते. त्यांचे माप कोठेही नव्हते. मी वही चाळली. पेठेतल्या साऱ्या बायका त्यात होत्या, इंदूताई नव्हत्या. स्वतःचा ब्लाऊज त्या जुना ब्लाऊज कापडावर ठेवून कापत.

"इतकी वर्षं सगळ्यांचे हात मोजलेत. स्वतःचे का नाही मोजले?"

"हे माप एकटीला घेता येतं का?" त्या फटकन म्हणाल्या.

मी त्यांच्या गळ्यातली जोडटेप काढून घेतली. "चला, हात पसरा."

"माझे कशाला आता—"

"मी शिंपीण नाही. कारण विचारू नये."

त्यांनी हात पसरले. मी टेप भिंतीलगत धरली. साडेअठ्ठावन्न इंच. मग चौकटीला पाठ लावून उंची मोजली. बरोबर साठ.

"इंदूताई, याने सिद्ध काही होत नाही. वयाबरोबर उंचीही कमी होते. खरं उत्तर रक्ताच्या तपासणीतच मिळेल, आणि तेही—"

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजले. साडेअठ्ठावन्न. त्यांनी आणखी एकदा मोजायला लावले. मी मोजले. मग नीताच्या पानासमोरच्या कोऱ्या पानावर मी त्यांचे नाव घातले आणि खाली दोन्ही आकडे लिहिले. लाल पेन्सिलीने लिहिण्यासारखे काही नव्हते.

मागे वळून पाहिले, तर त्या अजूनही हात पसरूनच उभ्या होत्या. पाय अगदी स्थिर होता.

"झालं, इंदूताई. आता घ्या हात खाली."

"घेते गं," त्या म्हणाल्या. "तुला कुठे जायचंय का?"