साडेसातचा मुहूर्त

नागसेनने आठ महिने खपून कॉम्प्युटरवर अंदाज सांगणारं एक मॉडेल बनवलं होतं, आणि ते बनल्यापासून घरातलं एकही काम वेळेवर होत नव्हतं.

तो जुन्या जालन्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने थोडं क्रिप्टो चलन घेऊन ठेवलं होतं, त्याची आता एक स्कूटी येईल एवढी किंमत झाली होती. स्कूटी बायकोसाठी. अक्षता हसनाबादच्या शाळेत शिक्षिका होती आणि रोज काळीपिवळीत चौदा माणसांत पंधरावी बसून जायची. पण चलन विकायचं तर आधी ते नेटवर्कवरून पाठवावं लागतं, आणि त्याची फी गर्दी पाहून दर मिनिटाला बदलते. कधी वीस रुपये, कधी चारशे. ती कधी उतरणार हे आधीच कळावं, म्हणून नागसेनने वर्षभराचे आकडे मशीनकडून घोकून घेतले होते.

मशीनने दिलेले पहिले तीन मुहूर्त साफ फसले. पहिल्यांदा त्याने विजेला दोष दिला, दुसऱ्यांदा आकड्यांना, तिसऱ्यांदा अमेरिकेला. आपलं काही चुकलं असेल हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

"अहो, तीनशे रुपये वाचवायच्या पायी मी तीन आठवडे लोंबकळून राह्यले," अक्षता म्हणाली. "शोरूमची पाडव्याची सूट रविवारी संपायली."

"रविवारी सकाळी साडेसातला फी तळाला जाणार. मशीननं छातीठोक सांगितलंय."

"साडेसातला नळ येणार हाये. मी वडीगोद्रीला ताईकडं चालले, दुपारी येते. मोटर लावा, विसरू नका. मंग नऊ दिवस पाणी न्हाई."

रविवारी बरोब्बर साडेसातला नळ खाकरला आणि पाणी आलं.

"नागसेना, मोटर लाव जल्दी!" कौसल्याबाई अंगणातून ओरडल्या.

"माय, पाच मिन्टं थांब. मोटर लावली की व्होल्टेज पडतं, वायफाय जातं."

"पाच मिन्टात अख्खी गल्ली पाणी ओढून घील!"

घरात मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त वायफायवर. माय बटणाकडे निघाली तसा नागसेन लॅपटॉप छातीशी धरून बटणापुढे उभा राहिला. फी तीनशे दहा होती. पावणेआठला तीनशे साठ झाली. "आता उतरेल," तो म्हणाला. आठला ती चारशे वीस झाली, आणि सव्वाआठला उतरलं ते नळाचं पाणी.

"गेलं," कौसल्याबाई म्हणाल्या. त्या एवढंच बोलल्या, आणि त्याचीच नागसेनला जास्त भीती वाटली.

वैतागून त्याने फोनला सांगून ठेवलं, की फी तिसाच्या खाली आली तर घंटी वाजव. ही सोय पहिल्यापासून फुकट होती. पण ती वापरायची तर आठ महिने कशाला घासले असते?

मग शेजारच्या झुंबरबाईंच्या बोअरवरून पाणी वाहणं सुरू झालं. दहा खेपा झाल्या, बारा झाल्या. बोटांच्या मनुका झाल्या.

"सर, पाणी जानार हे मशीननं सांगितलं न्हाई का?" झुंबरबाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

नागसेनने तेराव्या खेपेची घागर उचलली. हा प्रश्न त्याच्याही मनात आला होता.

एक वाजता अक्षता गल्लीत शिरली, तर नवरा दोन्ही हातांत घागरी घेऊन झुंबरबाईंच्या अंगणात उभा. ती काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या खिशात घंटी वाजली. तिथे रेंज होती. नागसेनने घागरी टाकल्या आणि फोन काढला. फी बावीस रुपये! त्याने अंगठा लावला, फोन उघडेना. शर्टाला पुसून लावला, तरी उघडेना. सुरकुतलेला अंगठा फोन ओळखायलाच तयार नव्हता.

"आना इकडं," अक्षताने फोन घेतला आणि पासवर्ड टाकला. तो कुणालाच माहीत नाही अशी नागसेनची आजवर समजूत होती. "हेच बटण ना? दाबू का?"

"थांब! अजून उतरेल..."

तिने दाबलं. चलन गेलं, अर्ध्या तासात विकलं गेलं आणि संध्याकाळच्या आत स्कूटीची पावती फाटली.

"पण नळ साडेसातलाच येणार, हा अंदाज तू कसा लावलास?" त्याने हळूच विचारलं.

"अंदाज कशाचा? वसंतादादाला विचारलं. नगरपालिकेचा पाण्याचा वॉल तोच सोडतो."

नागसेन गुपचूप आकडे तपासायला बसला आणि पाचच मिनिटांत टुणकन उठला. "अक्षता! मॉडेल मिनिटाबराबर होतं! आकड्यांपुढच्या वेळा लंडनच्या होत्या, मी त्या जालन्याच्या समजलो. तिथले साडेसात म्हंजे आपला एक!"

"मंग पुढच्या खेपेला लंडनच्या नळावर पाणी भरा," अक्षता म्हणाली. "आत्ता रांजण रिकामा हाये."

सोमवारी स्कूटी दारात आली. तिची पहिली फेरी हसनाबादची झाली नाही. अक्षता चालवत होती, आणि मागे पाण्याचे दोन कॅन सांभाळत नागसेन बसला होता.