दोन आणि तीनच्या मध्ये

जीवराम नानांच्या ताटातून हिरवा रंग गेला, त्याला आता सात महिने झाले होते. खिडकीबाहेर तो हवा तेवढा होता. फैजपूरच्या त्यांच्या घरामागून केळीची बाग सुरू व्हायची आणि सकाळच्या उन्हात तिची पानं अशी उजळायची की स्वयंपाकघराच्या भिंतीसुद्धा हिरवट दिसायच्या. त्या हिरव्या उजेडात बसून नाना पिवळी डाळ, पांढरा भात आणि भोपळ्याची भाजी जेवायचे.

"कढीत चिमूटभर कोथिंबीर टाकली असती तर काय झालं असतं?" नाना एखाद्या दिवशी विचारायचे.

"डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं होतं?" नानांच्या पत्नी बेबाबाई उलट विचारायच्या.

यावर नाना भात कालवायला लागत, कारण डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या सांगत होत्या तेव्हा नाना केबिनच्या काचेतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बघत होते. त्यातली एक वाऱ्यानं फुगून पुन्हा खाली बसायची, पुन्हा फुगायची. नानांचा स्वभावच तसा होता. एकदा नजर कुठे लागली की माणूस तिकडे निघून जायचा आणि देह जिथल्या तिथे राहायचा.

या स्वभावापायीच तर ते दुखणं आलं होतं. मे महिन्यात सुरतेहून भाचीचं लग्न आटोपून येताना नानांना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. नवापूरला सगळे चहाला उतरले, नाना उतरले नाहीत. धुळ्याला पाय मोकळे करायला उतरले, नाना उतरले नाहीत. डावा पाय दुमडून नऊ तास ते बाहेरचे डोंगर बघत बसले. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजून टणक झाली. जळगावच्या डॉक्टर ज्योती भंगाळे यांनी तपासणी करून सांगितलं, की शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. म्हणून वर्षभर रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज संध्याकाळी सहाला. आणि महिन्याला रक्ताची एक तपासणी. तिचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या वर गेला तर रक्त थांबणार नाही.

डॉक्टर हेही म्हणाल्या होत्या की पालेभाज्यांनी या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून त्या रोज सारख्याच खा. एकदम बंद नको आणि एकदम जास्तही नको. बेबाबाईंनी एवढ्या लांब वाक्यातून 'पालेभाज्या' आणि 'नको' हे दोन शब्द घरी आणले. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांचा दाराशी आलेला वाटा परत जाऊ लागला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा त्याच जेवणावर बसवली, आणि आकडा दर महिन्याला अडीच येत राहिला. नानांना त्या आकड्याचा लळा लागला. दोन आणि तीनच्या बरोबर मधोमध आपण आहोत, कुणीकडे ढळत नाही, या विचारानं त्यांना दुपारी फार छान झोप यायची.

डिसेंबर लागला आणि शिवारात भरताचा वास सुटला.

नानांचे जुने मित्र तोताराम यांच्या शेतात दर बुधवारी पाच-सहा म्हातारे जमायचे. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी-पांढरी लांबट वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत कुटायची, त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मूठमूठ चिरलेली कांद्याची पात. केळीच्या पानावर ते भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, आणि तोंडी लावायला पुन्हा कच्ची पात. फिरायला म्हणून निघालेले नाना एका बुधवारी त्या धुराच्या मागे मागे चालत गेले. आपण कुठे आलो हे त्यांना पानावर बसल्यावर कळलं.

"नाना, तुमाले चालते ना?" तोतारामांनी विचारलं.

"वांगं काही पालेभाजी नही," नाना म्हणाले. हे त्यांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

"आन पात?"

"पात म्हनजे कांदा."

तोतारामांना ते पटलं. त्यांनी आणखी एक जुडी धुतली. नानांनी डोळे मिटून खाल्लं. जिभेवर धूर, मग तिखट, मग पातीचा तो कोवळा करकरीत गोडवा. जेवण झाल्यावर बागेच्या सावलीत आडवे झाले, तर पानांच्या फटींतून ऊन अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडत होतं आणि जगात अगदी सगळं जागच्या जागी होतं.

चार बुधवार असेच गेले. पाचव्या आठवड्यात आकडा आला एक पूर्णांक चार.

अहवाल मुलाच्या, हितेंद्रच्या मोबाईलवर जायचा. तो जळगावात पिंप्राळ्याला राहायचा. त्याचा लगेच फोन आला. "नाना, गोळी घेता ना नीट?"

"घेतो."

"विसरत तर नाही?"

"तुही माय उभी राहते समोर. कसा विसरीन?"

डॉक्टरांनी गोळी वाढवली. नानांनी भरीत वाढवलं नाही, पण कमीही केलं नाही. पुढचा आकडा दीड. डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली, आणि घरात सगळ्यांची झोप उडाली.

बेबाबाईंनी गुपचूप उपाय शोधला. शेजारच्या रत्नाकडून त्यांनी ऐकलं होतं की लसणानं रक्त पातळ होतं. दुसऱ्या दिवसापासून नानांच्या सकाळच्या चटणीत सात-आठ पाकळ्या कच्चा लसूण जाऊ लागला. नाना नाक मुरडत खात, कारण मनात चोर असला की माणूस ताटातल्या गोष्टींवर फार बोलत नाही. रविवारी हितेंद्र आला, त्यानं पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या कॅप्सूलची बाटली आणली. "व्हिटॅमिन आहे नाना. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. डॉक्टरांना सांगायची गरज नाही, साधंच आहे." त्यानं रक्त पातळ राहतं, हे त्यानं मोबाईलवर वाचलं होतं. कॅप्सूल गिळल्यावर नानांना कसलातरी ओलसर वासाचा ढेकर यायचा. तापी दुथडी भरल्यावर काठाला येतो तसा.

पण तक्रार कशी करायची? रोज संध्याकाळी सहा वाजता बेबाबाई पाण्याचा पेला घेऊन समोर येत. एका संध्याकाळी त्यांनी पेला पुढे केलाच नाही, हातातच धरून ठेवला.

"काय झालं?"

"काही नही," बेबाबाई म्हणाल्या. "गोळी एवढी वाढवली, तरी आकडा वर येत नही. मले रात्री तुमचा श्वास ऐकत पडावं लागते."

नाना त्या दिवशी बराच वेळ ओट्यावर बसले. डोळा लागला तेव्हा त्यांना स्वप्न पडलं, की आपण बारीक होऊन ठिबकच्या नळीतून वाहत चाललो आहोत. नळी काळी, आत पाणी गार. पुढे एक हिरवी गाठ अडकली होती. जवळ गेल्यावर कळलं, ती कांद्याच्या पातीची जुडी होती, नीट धुतलेली. पलीकडे कुठेतरी बेबाबाई कान लावून बसल्या होत्या आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. नाना दचकून जागे झाले आणि मनाशी म्हणाले, बस. आता भरीत नाही.

त्यांनी खरोखर सोडलं. बुधवारी धूर दिसला की ते घरात येऊन खिडकी लावून घेत. आयुष्यात इतका मोठा निश्चय त्यांनी कधी केला नव्हता, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. दीडपट झालेली गोळी, सकाळचा लसूण आणि हितेंद्रचं व्हिटॅमिन मात्र चालूच होतं. आता त्यांच्याविरुद्ध लढायला पात नव्हती.

बाराव्या दिवशी दाढी करताना हनुवटीवर कापलं. टिचभर जखम. नानांनी तुरटी फिरवली आणि आरशातल्या खिडकीत केळीची पानं बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं बेबाबाई आल्या तेव्हा बनियन लाल झालं होतं.

"अवं, हे काय?"

"थांबनच थोड्या वेळात," नाना शांतपणे म्हणाले.

हळद झाली, कापूस झाला, टॉवेल झाला. रक्त थांबेना, वर नाकातूनही यायला लागलं. बेबाबाईंनी तोतारामांना हाक मारली. तोताराम केळी भरायची पिकअप घेऊन दारात आले. नानांना मध्ये बसवलं. बेबाबाईंनी हनुवटीवर टॉवेल दाबून धरला, तो थेट जळगावपर्यंत सोडला नाही. नाना मात्र टॉवेलच्या वरून बाहेर बघत होते. हरभरा फुलावर आला होता.

हितेंद्र दवाखान्यात आधीच पोचला होता. आकडा आला सहा पूर्णांक एक. डॉक्टरांनी जखमेवर दाबून पट्टी बांधली, नाकात बोळा घातला, औषध दिलं आणि नानांना रात्रभर ठेवून घेतलं. सकाळपर्यंत रक्त थांबलं, आकडा उतरायला लागला. मग त्यांनी चौघांनाही समोर बसवलं.

"गोळीचा एवढा परिणाम एकदम होत नाही," त्या म्हणाल्या. "मध्यंतरी काय बदललं?"

"काही नाही," हितेंद्र म्हणाला.

"काहीच नही," बेबाबाई म्हणाल्या.

नाना गच्चीकडे बघत होते.

डॉक्टरांची नजर उरलेल्या माणसावर गेली. तोतारामांना वाटलं, ठपका आपल्यावर येतो आहे. "डॉक्टरीणबाई, माह्या भरताचा काही दोष नही," ते घाईनं म्हणाले. "नाना तर बारा-तेरा दिवसांपासून आलेच नही. त्याच्या आधी यायचे दर बुधवारी. आन तेव्हा तर रक्त अजिबात येत नव्हतं."

बेबाबाईंनी मान हळूहळू नवऱ्याकडे वळवली.

"किती खायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरीत बेताचंच," तोताराम म्हणाले. "पात एक-दीड जुडी."

"म्हणून आकडा खाली गेला. आणि मग मी गोळी वाढवली. आणि मग तुम्ही पात बंद केली." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तरी सहा जास्तच होतात. अजून काय?"

बेबाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "थोडा लसूण देत होती मी. चटणीत. कच्चा."

"किती?"

"सात-आठ पाकळ्या. रोज."

आता सगळे हितेंद्रकडे बघायला लागले. त्यानं खिशातून मोबाईल काढला, परत ठेवला. "मी एक कॅप्सूल आणली होती. नैसर्गिकच आहे. फिश ऑईल."

"म्हनजे?" बेबाबाईंनी विचारलं.

"माशाचं तेल, वहिनी," तोतारामांनी सांगितलं.

सात पिढ्यांत ज्या घरात अंडं शिरलं नव्हतं, त्या घरातल्या नानांना तापीकाठच्या त्या ढेकरांचा उलगडा तेव्हा झाला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. चौघांपैकी सगळ्यात शांत तेच होते. आपल्याला वाचवायला एवढी माणसं एकमेकांना न सांगता राबत होती, हे त्यांच्या मनात हळूहळू उतरत होतं आणि त्यांना उगीचच भरून आलं.

डॉक्टरांनी कागद ओढला आणि या वेळी मोठ्यानं वाचत लिहिलं. लसणाचा मारा बंद. कॅप्सूल बंद. मला न विचारता कुणी काही देणार नाही. भाजी रोज थोडी, सारखी. "आणि भरीत सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी एक वाटी. ना कमी, ना जास्त. मी गोळी त्याच्यावर बसवते."

बेबाबाईंनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

पुढच्या बुधवारी तोतारामांच्या शेतावर नानांच्या मागून बेबाबाई चालत आल्या. हातात घरची स्टीलची वाटी. इतक्या वर्षांत त्या मंडळीत बाई आली नव्हती, म्हाताऱ्यांनी सावरून बसायला जागा केली. बेबाबाईंनी बडगीतून वाटी भरली, वरचा भाग बोटानं सपाट केला आणि नानांच्या पानावर उपडी केली. शेजारी पातीच्या दोन काड्या मोजून ठेवल्या. नानांनी ते एवढ्या सावकाश खाल्लं की संपलं कधी ते त्यांनाही कळलं नाही. मग हात धुऊन ते सावलीत आडवे झाले. उन्हाचे ठिपके छातीवरून सरकत होते.

जाग आली तेव्हा मंडळी पांगली होती. बडगीपाशी बेबाबाई एकट्याच मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात केळीचं पान, पानावर भरताचा ढीग, मुठीत पातीची अख्खी जुडी. तोताराम पळी घेऊन वाकले होते.

"वहिनी, वाढू अजून?"

बेबाबाईंनी पान पुढे सरकवलं. "वाढा भाऊ," त्या म्हणाल्या. "मी कुठं गोळी घेते?"