पोस्टाच्या चौकातले माणिकराव

पन्नासाव्या वाढदिवसाच्या सकाळी आमच्या नगरपालिकेचे पाणीपुरवठा सभापती माणिकराव खरमाटे घरातून उठले आणि पोस्टाच्या चौकातल्या स्वतःच्या फ्लेक्समध्ये राहायला गेले. मी पालिकेच्या अतिक्रमण विभागात आहे, त्यामुळे ही बाब पहिल्यांदा माझ्याकडे आली.

फ्लेक्स रीतसर परवानगीचा होता. वर 'कार्यसम्राट' असं ठळक अक्षरात, मध्ये पांढऱ्या सदऱ्यातले माणिकराव, कपाळावर गॉगल, कानाला फोन, आणि खालच्या रांगेत गोल चौकटींतून शुभेच्छुकांची डोकी. खोट एवढीच, की मधले माणिकराव छापील नव्हते. मी शिडीवर चढून हात लावून पाहिला. गाल कोमट होता आणि दाढीच्या साबणाचा वास येत होता.

"टिपरे, हात काढा," ते म्हणाले. "खालनं लोक बघत्यात."

पालिकेत कोणी हरकत घेतली नाही. सभापतींनी हद्दीत राहावं एवढाच नियम आहे आणि पोस्टाचा चौक हद्दीत येतो. दिवसभर फटाके वाजले, खाली केक कापला गेला, क्रेनने मोठा हार आणून वरपर्यंत पोचवला. माणिकरावांनी तो मान न हलवता स्वीकारला. तिथून गाव फार चांगलं दिसतं, असं ते मला दोनदा म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी मंदाकिनीवहिनी डबा घेऊन आल्या आणि खांबापाशी उभ्या राहिल्या.

"अहो, घरी कवा येणार?"

"एक मिनिट, फोनवर हाय."

"कुणाचा फोन?"

"कुणाचाच न्हाई. पण कानाचा हात काढता येईना."

वहिनींना याचं नवल वाटलं नाही. "भाऊजी, लग्न झाल्यापासनं ह्यांनी फोन ठिवून माझ्याशी एक वाक्य बोललेलं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "आदी तारेचा होता, मग हातातला आला. पोरीच्या बारशाला नाव इचारलं तर बोटानं थांब म्हणाले. शेवटी आत्यानं आपल्याच मनानं नाव ठिवलं. एकदा फोन खाली ठिवून माझं ऐकावं, एवढंच माझं म्हणणं हाय."

माणिकरावांनी वरूनच सांगितलं की लोक बघताहेत तोवर भूक लागत नाही, आणि बघायचे थांबले की ते आपण होऊन उतरतील. चारचौघांदेखत उतरणं बरं दिसत नाही. डबा तसाच परत गेला. वहिनी तरीही रोज डबा आणत राहिल्या, आणि रोज त्यांना एक मिनिट थांबायला सांगण्यात आलं.

मग परवानगीची मुदत संपली. नुसता फ्लेक्स आम्ही दोरी कापून काढतो. माणूस राहत असेल तर नोटीस द्यावी लागते. नोटीस मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी ती वाचली आणि नावाआधी 'कार्यसम्राट' नाही म्हणून घ्यायला नकार दिला. सुधारित नोटीस काढेपर्यंत महिना गेला.

मुख्याधिकारी मॅडमनी सुनावणी ठेवली. पालिकेची इमारत इंग्रजांच्या वेळची आहे. तिच्या कमानीवर लॅटिनमध्ये एक ओळ कोरलेली आहे आणि तिचा अर्थ 'येथे थुंकू नये' असा असावा, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. सुनावणीला हायस्कूलचे निवृत्त इतिहासाचे सर आले होते. त्यांनी खुलासा केला की ती ओळ थुंकण्याबद्दल नसून जगातल्या मोठेपणाबद्दल आहे. तो मोठेपणा टिकत नाही, असा तिचा आशय आहे.

मॅडमनी वही पुढे ओढली. "टिकत नाही म्हणजे किती दिवसांत?"

"दिवस दिलेले नाहीत," सर म्हणाले.

"मग अंमलबजावणी कशी करायची? मुदत नसलेल्या नियमाचा मला उपयोग नाही."

विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

दरम्यान पालिकेत सभापती बदलले. नव्या सभापतींचं नाव विक्रमभैय्या. त्यांचा फ्लेक्स चौकात त्याच खांबांना, थोडा पुढे बांधला गेला आणि माणिकराव कमरेपर्यंत झाकले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर माणिकरावांच्या फ्लेक्सवरचे सगळे शुभेच्छुक विक्रमभैय्यांच्या फ्लेक्सच्या खालच्या रांगेत हजर होते. जुन्या जागी पांढरे गोल तेवढे उरले. माणिकरावांना कमरेखालचं दिसत नव्हतं, म्हणून मीही काही बोललो नाही.

पुढे ऊन तापलं. फ्लेक्सचा तांबडा रंग आधी उडतो. माणिकरावांच्या कपाळावरचा टिळा गेला, मग ओठ निळसर पडले. चौकातून लोक येत-जात होते, पण वर कोणी बघत नव्हतं. मी शिडी लावली.

"माणिकराव, आता कोणी बघत नाही. उतरा."

"खरंच न्हाई?"

"नाही."

त्यांनी खांदा हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही. पुन्हा केला.

"टिपरे," ते हळूच म्हणाले, "आता उतरता येईना." मला फार वाईट वाटलं. दोऱ्या कापायला आणलेला कोयता मी तसाच खाली नेला.

छापखानेवाल्याने सांगितलं की आणखी महिनाभर असंच ऊन राहिलं तर फ्लेक्स कोरा पडेल. वहिनी त्याच दुपारी मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाईसाहेब, माझा माणूस पांढरा पडायला लागलाय. मला द्या त्यो."

मॅडम म्हणाल्या, "व्यक्ती ताब्यात देण्याची तरतूद नाही. उतरवलेला फ्लेक्स मात्र नागरिकाला घरगुती वापरासाठी देता येतो. वापर काय करणार?"

वहिनींनी थोडा विचार केला. "गोठ्यावर घालीन. म्हैस उन्हात बसती."

"वापर होतो की नाही याची तपासणी होईल."

"होऊ द्या की."

आम्ही दोऱ्या कापल्या. गुंडाळू नका, त्यांना मानेचा त्रास आहे, असं वहिनींनी बजावलं होतं. म्हणून चौघांनी चार कोपरे धरून माणिकरावांना सपाट, वाळवणाच्या चादरीसारखं उचलून बाजारपेठेतून नेलं. कांदेवाल्याने फक्त विचारलं, विकायचाय का. वहिनी नाही म्हणाल्या.

गोठ्यावर फ्लेक्स टाकताना छापील बाजू खाली घालतात. पांढरी बाजू वर असली की आत गार राहतं. वहिनींनी गाठी स्वतः मारल्या.

तपासणीला मी गेलो तेव्हा दूध काढायची वेळ होती. वहिनी चरवी घेऊन बसल्या होत्या. वर बांबूंच्या मध्ये माणिकराव होते, पोटाशी जरा लोंबलेले, पण ओठांचा उरलासुरला रंग टिकून होता. म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती.

"टिपरे, चौकात आता कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"विक्रमभैय्याही उतरले. आता एका क्लासची जाहिरात आहे."

"बरं," ते म्हणाले.

खालून वहिनी बोलायला लागल्या. दळण आणायचं राहिलं होतं, पोरीचा निरोप आला होता, ती दिवाळीला येणार होती, तिच्या लेकराला दात आला होता. एवढं बोलून त्या सवयीने थांबल्या.

वर फ्लेक्स करकरला. माणिकरावांनी फोन कानावरून काढला आणि हात खाली घेतला.

"बोल," ते म्हणाले. "कुठला दात?"

चरवीत धार पडत राहिली. मी वहीत 'छत म्हणून वापर सुरू आहे' असं लिहिलं आणि बाहेर येऊन चपला घातल्या.