गेटवरचा क्रिसांतो

मी कुणावर जळत नाही! फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराच्या भर बाजारात उभं राहून मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त आमच्या कॉलेजच्या गेटवर क्रिसांतो डेमाफेलिसचं फणसाएवढं थोबाड वर्षभर लटकत होतं, ते मला बघवत नव्हतं. याला जळणं म्हणत नाहीत. सौंदर्यदृष्टी म्हणतात.

क्रिसांतो सिव्हिलचा विभागप्रमुख, मी कॉम्प्युटरचा. आमच्याकडे ज्याच्या अभ्यासक्रमाला मानांकन मिळतं, त्याचा फोटो ‘हार्दिक अभिनंदन’ म्हणून फ्लेक्सवर झळकतो. जीपनी, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या लांब जीपगाड्या, त्यांचे चालकसुद्धा त्याला ड्रायव्हरशेजारची जागा द्यायला लागले होते. मी मात्र मागे, कुणाच्या तरी कोंबडीच्या टोपलीला गुडघे टेकवून! त्यात माझी बायको मर्लिंडा गेटपाशी आली की मान वर करून थांबायची.

“दात बघ त्याचे, नेस्तोर! मक्याचं कणीस जणू!”

“फोटोवाल्यानं घासलेत ते,” मी म्हणायचो.

यंदा समिती पुन्हा येणार होती. त्याचं मानांकन तात्पुरतं होतं, ते पक्कं व्हायचं होतं. माझं तर पहिलंच. डीनबाईंनी जाहीर केलं, “ज्याला जास्त वर्षांचं मिळेल, गेट त्याचं!”

झालं! मी कंबर कसली. माझ्या विभागात औषधालाही दोष सापडता कामा नये! समिती चांगल्या, मध्यम आणि कच्च्या अशा तिन्ही तऱ्हेच्या उत्तरपत्रिका मागते. मी कच्च्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी हुशार पोरांच्या ठेवल्या. आपले पदवीधर पाचेक वर्षांत कुठवर पोचावेत, याचीही उद्दिष्टं लिहावी लागतात. ती मी सुरेख भाषेत लिहिली आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून पाठ करायला लावली.

समितीच्या प्रमुख उबाल्डो मॅडम मनिलाहून आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, नजर घारीची. त्यांच्यासाठी अख्खं डुक्कर भाजलं होतं. माझ्या उत्तरपत्रिका चाळून त्या नुसतं “हं” म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं.

मग सगळे सिव्हिलच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या कोपऱ्यात काहीतरी लांबलचक झाकून ठेवलं होतं, आणि कशानं? गेटवरून उतरवलेल्या त्याच फ्लेक्सनं! क्रिसांतो तिथंही हसत होता. खाली काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या साली याच्या पोरांनी कॉलेजमागच्या ओढ्यावर बांबूचा पूल बांधला. उद्घाटनाला महापौर त्यावर चढले आणि बँडवाल्यांसकट पाण्यात गेले! तोच मोडका पूल हा लपवून बसला होता.

“मॅडम, तो कोपरा राहिला की!” मी साखरेत घोळून म्हणालो.

क्रिसांतोचा चेहरा पडला. तो मला मानोंग म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. कानाशी येऊन पुटपुटला, “मानोंग, नको ना! पाया पडतो!”

मी फ्लेक्स खस्सकन ओढला. त्याचं थोबाड धुळीत पडलं आणि काय सांगू, माझ्या काळजात गारगार वाटलं!

खाली मोडके बांबू होते. आणि त्यांच्या मागे भिंतभर तक्ते! पूल कुठं मोडला, पोरांना काय येत नव्हतं, त्यावरून शिकवणं कसं बदललं, सगळं मांडलेलं. शेवटी यंदाच्या नव्या पुलाचा फोटो. त्यावर एक रेडा निवांत उभा होता.

“हे झाकून का ठेवलंत?” मॅडमनी विचारलं.

“लाज वाटली, मॅडम. सकाळी ऐन वेळी धीर सुटला. पूल माझ्याच शिकवण्यामुळं मोडला होता.”

“अहो, हेच तर शोधत आम्ही गावोगाव फिरतो! चुकलं कुठं ते कळलं, आणि ते सुधारलं!” मॅडम माझ्याकडे वळल्या. “आणि सर, तुमच्याकडे काय मोडलं?”

“काहीच नाही, मॅडम! आमच्याकडे सगळंच उत्तम!”

“मग सुधारलंत काय?”

मी नुकतीच डुकराची कुरकुरीत कातडी तोंडात टाकली होती. ती तिथंच राहिली. मी घाईनं मुद्दाम बोलावून ठेवलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला, जोव्हेन्सियोला, पुढं ढकललं. “यालाच विचारा!”

जोव्हेन्सियो डोळे मिटून घडाघडा म्हणाला, “पाच वर्षांत आम्ही संगणक क्षेत्रातील जबाबदार आणि कुशल व्यावसायिक होऊ!”

“पदवी घेऊन किती वर्षं झाली तुम्हाला?”

“सात.”

“आणि काय करता?”

“बाच्चोय विकतो, मॅडम. नूडल्स घातलेलं गरम सूप. चला की खायला, गर्दी असते!”

“हे सरांना ठाऊक आहे?”

“त्यांनी कधी विचारलंच नाही! परवा फोन केला तो पाठ करून घ्यायला.”

तोंडातली कातडी मी न चावताच गिळून टाकली.

क्रिसांतोला पुरत्या सहा वर्षांचं मानांकन मिळालं. मला मिळालं, ‘त्रुटी शोधा, मग बोलावा.’ त्यात क्रिसांतोनं भर कॉलेजात मला मिठी मारली! “मानोंग, तुम्ही फ्लेक्स ओढला नसता तर मी बुडालो असतो!” त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याला माझा हेतू कळला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

नव्या फ्लेक्सवर तो बैलगाडीच्या चाकाएवढा होता. आणि खाली कोपऱ्यात, त्याच्याच हट्टानं, पेरूएवढा मी! ‘विशेष आभार.’ म्हणजे गेटवर माझाही चेहरा लागला. दुसऱ्याच दिवशी जीपनीवाल्यानं हाक मारून ड्रायव्हरशेजारी बोलावलं. मी ऐटीत चढलो तर म्हणतो, “सर, जरा पलीकडं सरका, क्रिसांतो सर येताहेत!”

वर्ष सरलं, फ्लेक्स उतरला. आमच्याकडे फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. क्रिसांतो तो स्वतः आमच्या घरी घेऊन आला. “मानोंग, तुमचाही फोटो आहे, तुमच्याकडेच राहू दे.” मर्लिंडानं तो गळक्या खुराड्यावर ताणून बसवला.

आता रोज सकाळी अंडी काढायला वाकलो की डोक्यावर क्रिसांतो हसतो. दात अजून शाबूत आहेत.

“माझा कोपरा कुठं गेला गं?” मी एकदा विचारलं.

“तो होय?” मर्लिंडा म्हणाली. “तेवढा जास्त होत होता. आत दुमडला.”