गाडीखालचे गुणवंतराव

आमच्या शेजारच्या गुणवंतराव काळमेघांचा चेहरा कसा आहे असं कोणी विचारलं, तर मला जरा आठवावं लागतं. पाय मात्र मी यात्रेच्या गर्दीतूनही ओळखीन. डाव्या अंगठ्याचं नख काळं, टाचांना भेगा, आणि चपला देवळाबाहेर काढाव्यात तशा बाजूला जोडीने ठेवलेल्या. कारण गुणवंतराव बोलतात ते गाडीखालून. उभे असले की मुके.

अगदीच मुके नाहीत. फाटकापाशी भेटले तर "हं" म्हणतात. "जेवण झालं का काका?" "हं." "ऊन लय तापलं." "हं." सगळी नोकरी तहसील कचेरीत झाली. तिथे राहून न बोलण्याची सवय लागली की न बोलण्यामुळेच तिथे टिकले, कोण जाणे. पण एकदा पाठीखाली गोणपाट टाकून गाडीखाली सरकले, की नळ सुटतो.

अमरावतीत लोक अंगणात जागा असली तर संत्र्याचं झाड लावतात. यांच्या अंगणात सिमेंटचे दोन उतार आहेत, गाडी चढवायला. संक्रांत झाली की आमच्या कॉलनीतली एकेक गाडी त्या उतारांवर चढते आणि काका तिचं गिअरचं तेल बदलतात. दरवर्षी. गाडीच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

"गॅरेजवाल्याले पैशे देऊन काय भेटते?" पाय विचारतात.

"काय भेटते काका?"

"पावती. बाकी त्यानं आत काय केलं ते त्याले ठाऊक अन् त्याच्या देवाले."

मी त्यांचा शिष्य झालो तो अक्कलहुशारीमुळे. गॅरेजचे पैसे वाचवायचे म्हणून मी एकदा स्वतःच माझ्या गाडीखाली घुसलो. खालचा नट खोलला, तेल घमेल्यात उतरलं, आणि मी 'पाहा' म्हणून बायकोला हाक मारली. मग नवं तेल भरायचा वरचा नट खोलायला गेलो, तर तो हलेना. जोर लावला तर त्याचे कोपरेच गोल झाले. गाडी रिकाम्या पोटी अंगणात उभी, आणि दुसऱ्या दिवशी बाळापूरला साळ्याचं लग्न. आम्ही आहेराचा कूलर मांडीवर घेऊन एसटीने गेलो. बायको अकोल्यापर्यंत बोलली नाही आणि अकोल्यानंतर थांबली नाही.

काकांनी हा तमाशा कुंपणावरून पाहिला होता. आम्ही परत आल्यावर ते वाकून माझ्या गाडीखाली गेले आणि मग त्यांना वाचा फुटली. "आधी भराची जागा खुलते का पाहाचं, मंग रिकामं कराचं. उलटं काहून केलं बे?"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. काका ते कुठेही लावत. घरात नवा चहा आल्याशिवाय जुन्या डब्यातला शेवटचा चमचा काढत नसत. काकू गेल्या तेव्हा तेरवीनंतर नात्यातल्या बायका म्हणाल्या, कपाट मोकळं करा, लुगडी कोणा गरजूला द्या. काका उभे होते, तरी बोलले. "भराची जागा पाहू द्या आधी." बायकांना काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा डोक्याने गेला.

काकूंबद्दल ते वर कधी बोलत नाहीत. खालून बोलतात. मी बॅटरीचा उजेड धरून स्टुलावर बसलेला, काळं तेल धारेने उतरतंय, मग थेंब थेंब, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत काकांना घाई नसते. "तुया काकूले ना, शेंदूरजन्याची संत्री आवडे. गोड नाही, आंबट पायजे. मी म्हनो, आंबटच खाची तं निंबू खाय." मग बराच वेळ नुसते थेंब. गॅरेजमध्ये हे काम चहा संपायच्या आत होतं. काकांकडे दुपार जाते.

आता एक गोष्ट सांगतो, ती कॉलनीत कोणी कोणाला सांगत नाही. काकांनी तेल बदललं की गाडी गळते. पूर्वी गळत नसे. अलीकडे त्यांच्या हातात नट कसायचा जोर राहिलेला नाही. सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग दिसतो. मग दूध आणायला जातो असं काकांना सांगून मी गाडी गुपचूप बडनेरा रोडच्या गॅरेजात नेतो. तिथला मिस्त्री डाग पाहूनच हसतो, "काकाजींचा हात लागला वाटते!" नट कसतो, कमी झालेलं तेल भरतो आणि नट घट्ट कसल्याची खूण म्हणून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. म्हणजे घरीही करायचं आणि दुकानालाही द्यायचं. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाची ही प्रगती.

मागच्या वर्षी त्या गॅरेजात माझ्या आधी एक अकोल्याची गाडी उभी होती. बाजूच्या बाकावर काकांची लेक मनीषा. ती अकोल्यालाच नांदते. दरवर्षी संक्रांतीनंतर माहेरी येते आणि तिची गाडी उतारांवर चढते. मला पाहून ती दचकली. मी तिच्याहून जास्त.

"प्रकाशदादा, बाबाले सांगू नका बरं."

"मी कायले सांगू? मीच दूध आनाले आलो."

ती हसली, मग हसता हसता थांबली. "फोनवर बाबा नुसतं हं, बरं, ठेव. सामने बसलो तं टीव्ही पायतात. गाडीखाली गेले की आईचं बोलतात. मी त्यासाठी येते, दादा. तेलासाठी कोन येते?" मग खाली मान घालून म्हणाली, "पण यांनी नवी गाडी बुक केली. तिले क्लचच नाही. शोरूमवाले म्हणतात, ते तेल घरी खोलाचंच नाही. आता मी कोन्त्या कामानं येऊ?"

"बापाकडे याले काम लागते का?" मी म्हणालो.

"मले नाही लागत. बाबाले लागते. बिनकामाचं आलं की त्याहिले वाटते, काही दुखनं लपवून आली. मग ते आणखीनच चूप."

यंदा ती आली ती पांढरी नवीकोरी गाडी घेऊन. काकांना काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं मी सांगीन, मला वाटलं ती सांगेल. काकांनी गाडी उतारांवर चढवून घेतली, चपला जोडीने काढल्या, गोणपाट टाकलं आणि आत सरकले. मी घमेलं घेऊन उभा, मनीषा स्टुलावर.

 एरवी हलत राहणारा तो काळा अंगठा स्थिर झाला.

"मनू, हे तं सारं झाकूनच हाय वो."

"हो बाबा. शोरूममध्येच करा लागते म्हणे."

 अशा वेळी मी गप्प बसत नाही, हा माझा जुना रोग. म्हणालो, "बरं झालं काका, सुटले तुमी!"

कोणी हसलं नाही. मनीषाने माझ्याकडे असं पाहिलं की घमेलं डोक्यावर पालथं घ्यावंसं वाटलं.

मग खालून आवाज आला. "बरं झालं, मनू. त्या पिवळ्या रेघेचे पैशे वाचले तुये."

मनीषा हातातली बॅटरी घेऊन खाली वाकली. "बाबा... तुमाले मालूम होतं?"

"नट तं मीच खोलतो ना वो पुढल्या साली. मले नाही दिसन का?"

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तू सरळ गॅरेजातच गेली असती. इकडं कायले आली असती?"

तिने पदराने नाक पुसलं, स्टूल पुढे ओढलं आणि गाडीखाली उजेड टाकला. "नीट पाहा. कुठंतरी नट असंन."

"नाही हाय."

"पाहा तं सई."

"बरं," पाय म्हणाले. झाकलेल्या पत्र्यावर बोटं फिरत असल्याचा आवाज येत राहिला. काही वेळाने, "तुयी माय ना, गाडीत बसली की झोपे. बडनेरा नाही येत तं हिची मान माया खांद्यावर. मी गिअरचा हात नाही हलवो. दुसऱ्याच गिअरमध्ये चालवो मंग. मांगून लोक हॉर्न वाजवत..."

मी घमेलं ठेवून हळूच निघालो.

दिवस कलताना पांढरी गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. काका रिकाम्या उतारावर बसले होते, अनवाणीच. मी जाऊन शेजारी बसलो. मनात म्हणालो, बिचारी मनीषा, इतकी वर्षं पकडली गेली आणि तिला पत्ता नाही. मी कसा शिताफीने सुटलो!

"काका, माझी गाडी आहे ना. ती जुनीच आहे. उद्या चढवू."

ते उभे नव्हते, आडवेही नव्हते. बोलतील की नाही, याचा मला अंदाज येईना.

"चढव," ते म्हणाले. "मंग जाजो दूध आनाले. मायाच्यानं आता नट कसल्या नाही जात."